चपलांची मोजणी

माझ्या दवाखान्याची महिन्याची कमाई किती, हे चांदे गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक मला आणि दुसरं माझे जागामालक हैबतराव यांना. आमच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि खोटा आकडा माझा आहे याबद्दल हैबतरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल होती.

त्यांची पद्धत साधी. गाळ्यांच्या रांगेला लागूनच त्यांचं घर. घराच्या ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते सकाळ-संध्याकाळ बसायचे आणि माझ्या दाराबाहेर उतरलेल्या चपला मोजायचे. एक जोड म्हणजे एक पेशंट आणि एक पेशंट म्हणजे शंभर रुपये. बूट दिसले की दोन धरायचे, कारण बूटवाला म्हणजे हिंजवडीच्या कंपनीतला, आणि "बूटवाला शंभरावर सुटत आसंल व्हय?"

"आबा, माणसं मोजा ना, चपला काय मोजता?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"मान्सं आत-भाईर करत्यात. चप्पल एका जागी ऱ्हाती," ते म्हणाले. "कागद खोटं बोलतो, मानूस खोटं बोलतो. चप्पल न्हाई बोलत."

आता आमच्याकडे आजारी माणूस एकटा कधी येतो का? पोराला ताप आला की आई येते, आजी येते, पोराला उचलून आणायला काका येतो, आणि डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐकून घ्यायला शेजारची शिकलेली सून येते. चार जोड चपला, पेशंट एक, आणि तोही कडेवर. उलट डोंगराकडच्या वाडीवरून बांधकामावर आलेला देवू त्याच्या पोरीला, गंगूला घेऊन यायचा तेव्हा दोघंही अनवाणी असायची. ती हैबतरावांच्या मोजणीत कधी आलीच नाहीत. चपलांवरून ते माणूसही ओळखायचे. "पाटलाची थोरली सून आज परत आलती. काय हाय तिला?" असं संध्याकाळी विचारायचे आणि मी सांगितलं नाही की 'म्हणजे नक्कीच काहीतरी आहे' अशी मान डोलवायचे.

हा संशय त्यांनी जन्माबरोबर आणलेला नव्हता. रस्त्याकडेची जमीन विकली तेव्हा चुलतभाऊ भिवाजी मध्यस्थ होता. मोजणीच्या दिवशी हैबतराव सोयऱ्यांच्या लग्नाला गेले, कारण मोजायला भिवाजी होताच. आल्यावर सही केली. मग बिल्डरची भिंत उभी राहिली, आणि विकायचं कधी मनातही नव्हतं ते बांधावरचं आंब्याचं झाड भिंतीच्या आत गेलेलं दिसलं. भिवाजीनं "कागदात तसंच हाय, दादा" एवढंच म्हटलं. त्या आंब्याचं एकही फळ त्यांना पुन्हा खायला मिळालं नाही. तेव्हापासून ते गॅसची टाकी काट्याला लटकवून घेतात, दूधवाल्यासमोर स्वतःचं माप धरतात, आणि नातवाच्या वाढदिवसाचा केकसुद्धा वजन करून मग कापतात. मला त्यांचा फार राग यायचा. पण त्या आंब्याची गोष्ट आठवली की वाईटही वाटायचं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग यायचा.

करार संपत आला तेव्हा ते दवाखान्यात आले. बसले नाहीत.

"डॉक्टरबाई, अठराचं तीस करा."

"हजार?"

"मग काय रुपये?"

"आबा, तीस हजार भाडं दिलं तर मी खाऊ काय?"

"तुमी खाताय ते दिसतंय की. दारात रोज ढीग पडतुया."

मी त्यांना खर्च सांगायला बसले. तसं करायला नको होतं. उषाचा, म्हणजे माझ्या नर्सचा पगार सांगितला, तर म्हणाले, "ती तर नुस्ती बसलेली आसती." विजेचं बिल आणि इन्व्हर्टर सांगितला, कारण वीज गेली की फ्रीजमधल्या लसी वाया जातात. त्यावर त्यांनी फ्रीज उघडून आत दुसरं काही आहे का ते पाहिलं. कोणी कोर्टात खेचलं तर म्हणून विमा भरावा लागतो, हे ऐकून ते माझ्याकडे जरा जास्तच निरखून बघायला लागले. आणि वापरलेल्या सुया, बोळे न्यायला गाडी येते, तिला दरमहा पैसे द्यावे लागतात, हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मला पकडलंच.

"कचरा न्यायला पैसं? आमचा तर ग्रामपंचायत फुकट नेती."

"तो वेगळा कचरा असतो, आबा."

"म्या बगितलंय. पिवळ्या पिशव्या काट्यावर मोजत्यात, मशिनीनं टिकटिक करून नेत्यात." ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मोजून नेत्यात म्हंजी किमतीचं हाय. काय आसतं त्यात?"

मी हात टेकले. वही दाखवते म्हटलं तर, "वही तुमची, लिवणार तुमीच." बँकेचं पासबुक दाखवते म्हटलं तर, "ब्यांकेत कोन समदं टाकतंय?" जाता जाता ते म्हणाले, "पॉलिक्लिनिकवाले आलते. पांढऱ्या गाडीतनं. पस्तीस द्यायला तयार हायेत. तुमी जुन्या, म्हून तीस म्हनलं."

आता माझ्या मनात पाल चुकचुकली. ही पांढरी गाडी गावात दुसऱ्या कुणालाच कशी दिसली नाही? मी समोरच्या चहावाल्याला विचारलं, उषाला चार घरी विचारायला लावलं. कुणी हो म्हणेना, कुणी नाहीही म्हणेना, कारण आमच्या पट्ट्यात पांढऱ्या गाड्या दिवसभर जमिनी बघत हिंडतच असतात. संशय घ्यायचा कसा हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. पण गाडी खरी असो की खोटी, तीस हजार म्हणजे दवाखाना बंद, हे माझ्यापुरतं पक्कं होतं. हिंजवडीच्या बाजूला भाडी याहून चढी. फी वाढवावी तर देवूसारखी माणसं यायची थांबणार. इतक्या वर्षांचं बस्तान एका माणसाच्या चपला मोजण्यामुळे मोडणार, याची मला चीड येत होती आणि भीतीही वाटत होती.

त्यात दिवाळीची ती काजूकतली. एका मोठ्या हॉस्पिटलचा माणूस मिठाईचा डबा आणि पाकीट घेऊन आला होता. त्यांच्याकडे पेशंट धाडले की दर पेशंटमागे इतके, असा मामला. पाकीट मी परत केलं. डबा उषाला आवडला म्हणून ठेवून घेतला. हैबतरावांनी ओट्यावरून डबा आत जाताना पाहिला, पाकीट बाहेर जाताना पाहिलं नाही. त्या दिवसापासून मी कुणालाही पुण्याला धाडलं की ते त्या पेशंटच्या घरी जाऊन सांगायचे, "तितनं बाईंना पैसं सुटत्यात."

आणि या सगळ्या काळात त्यांची बायको माझी पेशंट होती.

रंभाबाईंची साखर भयंकर वाढलेली. पायांच्या तळव्यांना मुंग्या, मग बधिरपणा. पण हैबतरावांचा घरात हुकूमच होता की आपल्या गाळ्यातल्या डॉक्टरकडे कुणी जायचं नाही. "भाडेकऱ्याचं औषध घेतलं की भाडं वाढवायला तोंड ऱ्हात न्हाई," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं तर पौड नाहीतर पुणं, त्याला पैसे मागायचे, पैसे मागितले की शंभर प्रश्न. म्हणून रंभाबाई मागच्या दारानं यायच्या. अंडी विकून आलेल्या पैशांतून माझी फी द्यायच्या, आणि नको म्हटलं तर रागवायच्या.

त्या यायच्या अनवाणी. कारण त्यांची चप्पल घराच्या उंबऱ्यापाशी, हैबतरावांच्या डोळ्यांसमोर असायची. चप्पल जागेवर म्हणजे बायको घरात, हा हैबतरावांचा हिशेब. जागेवर नसली की हाका आणि चौकशा सुरू. मग रंभाबाई परसदारातून निघायच्या आणि मागच्या बांधकामाच्या खडीतून, तारा-खिळ्यांतून चालत माझ्या मागच्या दाराशी यायच्या.

"काकू, साखरेच्या माणसानं एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही," मी दर खेपेला सांगायची. "पाय बधिर आहेत. काही टोचलं तर कळणारसुद्धा नाही."

"कळत न्हाई तेच बरं हाय, ताई," असं म्हणून त्या हसायच्या.

मी एकदा जुन्या सपाता मागच्या दाराशी ठेवल्या, त्यांच्यासाठी. दुसऱ्याच दिवशी हैबतराव त्या हातात धरून हजर. "मागच्या दारी कोन येतं? ह्या कुनाच्या?" मी माझ्याच म्हणून सांगितलं. त्यांनी सपाता माझ्या पायांशी धरून माप बघितलं. माप जुळलं म्हणून सुटले. पुन्हा सपाता ठेवायचं रंभाबाईंनीच मला बंद करायला लावलं.

सांगून टाकावं असं मला किती वेळा वाटलं! पण पेशंटनं सांगू नका म्हटलं की डॉक्टरचं तोंड बंद. आणि रंभाबाईंनी मला त्यांच्या गळ्याची शपथ घातली होती, ती वेगळी.

करार संपायला थोडे दिवस उरले तेव्हा मी शेवटचा उपाय काढला. हैबतरावांना म्हटलं, "आबा, ओट्यावरून काय मोजता? आत येऊन बसा. उषाच्या टेबलाशेजारी. जो पैसा येईल तो तुमच्या डोळ्यांदेखत येईल. आठवडाभर बसा, मग भाडं सांगा."

यात काय डाव आहे याचा त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि मग खुर्ची घेऊन आत आले. माझी खुर्ची त्यांना नको होती.

ते खरंच बसले. दवाखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत, जेवणाचा डबासुद्धा तिथंच. चार जोड चपलांमागे एक पेशंट येतो हे त्यांनी पाहिलं. रिपोर्ट दाखवायला आलेल्याकडून मी पैसे घेत नाही, रक्तदाब नुसता तपासून जाणारे म्हातारे पैसे देत नाहीत, हे पाहिलं. देवू आला, मजुरी शनिवारी होईल म्हणाला आणि औषध घेऊन गेला. बूटवाला शंभराची फीसुद्धा मोबाईलवरून देताना "कुछ कम नहीं होगा?" म्हणाला, तेव्हा हैबतराव खुर्चीतून अर्धे उठले. मला वाटलं, आता उजेड पडणार.

आठवडा सरत आला तसे ते आणखीच गंभीर व्हायला लागले. एका दुपारी पेशंट नव्हते तेव्हा मला म्हणाले, "डॉक्टरबाई, ह्यात भागत न्हाई."

"तेच सांगत होते मी."

"भाडं, पगार, लाईट, ती पिवळी पिशवी. म्या मनात मांडलं. हातात काय ऱ्हात न्हाई म्हना की."

"थोडं राहतं, आबा. घर चालतं."

"मग चालवता कशाला?" त्यांचे डोळे बारीक झाले. "तोट्याचं दुकान कोन चालवतंय? कायतरी दुसरं आसनार. म्या बसलोय म्हून चार-आठ दिस झाकलं आसंल."

मी थक्क झाले. श्रीमंत म्हणून संशय होता, तो आता गरीब म्हणून आला. उषानं मुकाट्यानं मला पाणी आणून दिलं.

पण त्या आठवड्यात मी एक गोष्ट विसरले होते, आणि ती विसरायला नको होती. ओट्यावरचा माणूस आत आणून बसवला, म्हणजे मागच्या दारानं येणाऱ्या बाईची वाट मीच बंद केली. दवाखान्याच्या मागच्या दारापर्यंत हैबतरावांचा खोकला ऐकू यायचा. रंभाबाई त्या आठवड्यात आल्याच नाहीत. मी उषाला दोनदा परसदारी धाडलं. "बरी हाय," एवढाच निरोप यायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी त्या आल्या. पुढच्या दारानं. एका पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, ती ओली झालेली, आणि चेहरा तापानं लाल. बाकावरची माणसं बाजूला सरकली, कारण वासच तसा येत होता.

हैबतराव उभे राहिले. पण पहिल्यांदा त्यांनी बायकोकडे बघितलंच नाही. त्यांनी दारातून आपल्या ओट्याकडे बघितलं. उंबऱ्यापाशी रंभाबाईंची चप्पल नेहमीसारखी नीट जोडीनं होती.

"तुजी चप्पल तर दारात हाय," ते म्हणाले.

"ती दारातच आसती," रंभाबाई म्हणाल्या. "मी नसती."

मी चिंधी सोडली. मागच्या बांधकामावरची तार होती, बोटभर, मागल्या खेपेला येताना तळव्यात शिरून तिथंच राहिलेली. त्यांना ती टोचल्याचं कळलंच नव्हतं. कळलं ते घरातल्या फरशीवर डाग दिसला तेव्हा, आणि तेव्हा दवाखान्यात नवरा बसलेला होता. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

"कवाधरनं येतीयास हितं?" हैबतरावांनी विचारलं.

"लई दिस झालं."

"मला कसं दिसलं न्हाई?"

"तुमी चपला बगत व्हता."

मी म्हटलं, "आबा, आजच पुण्याला न्यावं लागेल. आत्ता. उशीर झाला तर पाय जाईल." आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

त्यांनी तोंड उघडलं. त्या तोंडातून काय येणार हे मला, उषाला आणि बाकावरच्या सगळ्यांना आधीच कळलं होतं.

"तितनं तुमाला—"

"मिळतात!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरचा चहावाला दारात आला. "पुष्कळ मिळतात! पोतंभर मिळतात! आता गाडी काढा!"

त्यांनी गाडी काढली. रंभाबाईंना उचलून मागच्या सीटवर ठेवलं, आणि मग परत फिरून ओट्यापाशी गेले. उंबऱ्यापाशी वाकून ती चप्पल उचलली आणि गाडीत बायकोच्या पायांशी ठेवली. त्या पायात ती आता जाणार नव्हती, तरी ठेवली.

बोट काढावं लागलं. पाय वाचला. रंभाबाई घरी येईपर्यंत ओट्यावरची खुर्ची रिकामी होती, आणि मला, खरं सांगते, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघवत नव्हतं.

त्या घरी आल्यावर मी त्यांना मऊ तळव्याची खास चप्पल घ्यायला सांगितली आणि पुण्यातल्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. दोन दिवसांनी हैबतराव दुकानाची पावती घेऊन माझ्यासमोर.

"ह्यात तुमचं किती?"

"काहीच नाही."

"मग पत्ता तुमी कशाला दिला?"

"त्यांचा दुसरा पाय शाबूत राहावा म्हणून."

त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली. "दुकानात इचारून बगतो," म्हणाले. मग बंडीच्या आतून कराराचे कागद काढून टेबलावर ठेवले. भाडं अठराच लिहिलेलं होतं.

मी कागद उलटेपालटे करून बघितले, कुठं काही बारीक अक्षरात दडवलंय का म्हणून. त्यांना ते आवडलं असावं. "बगून घ्या, बगून घ्या," म्हणाले.

"आणि ते पॉलिक्लिनिकवाले? पांढरी गाडी?"

"कसलं पॉलिक्लिनिक?" ते छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले. "तुमाला खरं वाटलं व्हतं व्हय?"

"मग भाडं का नाही वाढवलं?"

"घरात तुमचं औषध घेतलंय न्हवं आता," ते म्हणाले. "मागायला तोंड ऱ्हायलं न्हाई."

आता रंभाबाई पुढच्या दारानं येतात. बाकी सगळे चपला बाहेर काढतात. त्यांना मात्र मी चप्पल घालूनच आत यायला लावते, कारण साखरेच्या माणसानं दवाखान्यातही अनवाणी फिरायचं नाही. पहिले काही दिवस त्यांना फार अवघडल्यासारखं व्हायचं. आत येताना त्या एकदा ओट्याकडे बघायच्या.

हैबतराव मोजायचे थांबलेले नाहीत. पिवळ्या पिशव्यांत काय असतं, हे त्यांना अजून माझ्याकडून काढून घ्यायचं आहे. परवा संध्याकाळी मी दवाखान्याला कुलूप लावत होते, तेव्हा ते ओट्यावरून म्हणाले, "आज बरीच गर्दी व्हती, डॉक्टरबाई. तेवीस जोड."

"असतील," मी म्हटलं.

ते जरा थांबले. "आन् एक आत," म्हणाले.